सुबाभळीचा पाला आणि ससा

नागपूर-इटारसी लोहमार्गावरील तिगाव हे पांढुर्ण्याच्या संत्र्यांच्या मुलुखातले गाव. चाऱ्याची टंचाई पडली की या भागातील शेतकरी झाडाचा पाला तोडून शेळीपुढे टाकतो. मांसासाठी ससे पाळणाऱ्याचे लक्षही त्याच पाल्याकडे, त्यातही प्रथिनांनी समृद्ध अशा सुबाभळीकडे जाणे साहजिक आहे. परंतु या वृक्षाचा इतिहास त्याला थोडे थांबावयास सांगतो.

सुबाभूळ मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. स्पॅनिश लोकांनी ती फिलिपाइन्सला नेली व पुढे ती आशियाभर पसरली. १८९७ साली मॉरिस यांनी जमेकातील एक विलक्षण प्रकार नोंदविला. तिचा पाला खाणाऱ्या घोड्यांच्या आयाळीचे व शेपटीचे केस झडत. गुरांना मात्र तशी बाधा होत नसे. पाल्यातील मिमोसीन हे द्रव्य त्याचे कारण होते.

महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरळीकांचनला स्थापिलेल्या ‘बाएफ’ संस्थेने सुबाभळीचा मोठा प्रसार केला. गाईशेळ्यांना ती मानवली. पुढे ऑस्ट्रेलियाचे रेमंड जोन्स यांनी दाखवून दिले की, रवंथ करणाऱ्या काही जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजंतू हे विष पचवितात.

सशाला तसे पोट नाही. त्याच्या आतड्यातील सूक्ष्मजंतूंचे कार्य पचनाच्या शेवटी होते. तोवर विष अंगात भिनलेले असते. म्हणून सशाचा मुख्य आहार गवतच असावा, जोडीला तुतीचा पाला द्यावा आणि सुबाभूळ अगदी बेतानेच घालावी. शेळीला मानवले ते सशालाही मानवेल, असे गृहीत धरणाऱ्याचे कष्ट व भांडवल दोन्ही वाया जाण्याचा संभव आहे.