मोहाचा लाडू आणि आपली लाज : लेकरांच्या खाऊचा इतिहास



आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब संपला की एक तक्रार हमखास निघते. "पोरगं काहीच खात नाही वो ताई." भात वाढला तर तोंड फिरवते, भाजी ताटाच्या कडेला सारते, डाळीत बोट बुडवून उठून जाते. दुकानातला कुरकुरीत पुडा मात्र घरी येईपर्यंत रिकामा होतो. मग कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते जंत झाले, कोणी म्हणते आजकालची पोरंच तशी.

मागच्या चैत्रातली गोष्ट. अशीच तक्रार करणारी एक बाई आमच्या बाजूला बसली होती. तिचा पाच वर्षांचा मुलगा अंगणात खेळत होता आणि त्याचा गाल फुगलेला होता. आजीनं तव्यावर भाजलेली मोहफुलं खिशात भरून दिली होती, ती तो एकेक करून चघळत होता. आईच्या लक्षात आलं तशी ती उठली, त्याचा खिसा उलटा केला आणि फुलं उकिरड्यावर टाकली. "दारूचा वास येते त्याले. शाळेत मास्तर काय म्हणन?" पोरगं रडत बसलं. आजी काही बोलली नाही, पदरानं तोंड पुसून आत गेली.

त्या दिवशी आम्ही घरी गेलो तेव्हा मनात एकच प्रश्न होता. जे लेकरू 'काहीच खात नाही', ते जे आवडीनं खात होतं तेच आपण हिसकावलं. हे कसं झालं? याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं. आज तेच सांगतो.

चांदा भागात 1751 पर्यंत गोंड राजांचं राज्य होतं. त्या काळापासून आपल्याकडे दोन गोष्टी मुबलक, एक जंगल आणि दुसरे तलाव. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आजही चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात गावोगाव दिसतात. त्यांना आपण मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तलावाखाली धान, तलावात मासे आणि शिंगाडे. जंगलात फाल्गुन-चैत्रात मोह, उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं, पुढे आंबे नि जांभळं, हिवाळ्यात बोरं आणि आवळे. भामरागड, एटापल्लीकडे माडिया घरांत कोसरी. 'लेकराला मधल्या वेळेला काय द्यावं' हा प्रश्न त्या काळच्या आईला पडत नव्हता, कारण मधल्या वेळेचं लेकरू स्वतःच शोधून खात होतं. चार फोडून आतली चारोळी काढायची, बोराची बी थुंकायची, मोह वेचता वेचता एखादं तोंडात टाकायचं. खाऊ हातानं मिळवलेला असला की पोरं त्याला नाक मुरडत नाहीत. हे आपण सगळ्यांनी लहानपणी अनुभवलेलं आहे.

पण जुनं तेवढं सोनं असं सांगायला आम्ही बसलो नाही. याच मोहाची दुसरी आठवणही आहे. 1896-97 आणि 1899-1900 या वर्षांत मध्य प्रांतात मोठे दुष्काळ पडले आणि आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. धान गेलं की माणसं जंगलावर जगत, आणि जंगलात साठवून ठेवता येईल असं पहिलं अन्न म्हणजे वाळलेला मोह. पुढेही पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की कितीतरी घरांत मोह शिजला. आमच्या गटातली एक म्हातारी सांगते, "आमी मोह खाल्ला तो आवडीनं नाही खाल्ला बाई, दुसरं नव्हतंच." लाखोरीचंही तसंच. धान निघाल्यावर ओलीवर येणारी ही गरिबाची डाळ. पण टंचाईत महिनोन् महिने तीच एक खाल्ली की पाय लुळे पडत. म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. एकाच वस्तूवर लेकरू वाढवू नये, हा धडा तिथून घ्यावा.

तर पहिली लाज गरिबीची. मोह म्हणजे ज्याच्या घरी भात नाही त्याचं खाणं.

दुसरी लाज कायद्यानं दिली. इंग्रजांनी 1865 मध्ये पहिला वन कायदा केला, 1878 मध्ये तो कडक केला, आणि 1927 चा कायदा तर स्वातंत्र्यानंतरही चालत राहिला. जंगल सरकारचं झालं आणि त्यात वेचायला जाणारी बाई चोरासारखी झाली. मोहाकडे तर सरकार फूल म्हणून बघतच नव्हतं, दारूचा कच्चा माल म्हणून बघत होतं. दारूवरचा कर ही सरकारची मोठी कमाई, त्यामुळे घरी गाळलेली दारू हा गुन्हा आणि फुलावरही नजर. तिकडे मुंबई इलाख्यात ठाणे-कुलाब्याकडे 1892 मध्ये खास मोहफुलांचाच कायदा झाला. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, त्यातही मोहफुलं बाळगण्यावर, विकण्यावर, वाहून नेण्यावर बंधनं होती. 1956 मध्ये आपला चांदा मुंबई राज्यात आला आणि मग तो कायदा आपल्याकडेही लागू झाला. विचार करा बायांनो, गहू सडवून दारू करता येते, द्राक्षाची करता येते, गुळाची करता येते. पण गव्हाची पोळी लेकराला देताना कोणाला लाज वाटत नाही. फुलाला मात्र गुन्हेगार ठरवलं.

यात आपला स्वतःचाही एक वाटा आहे, तोही प्रामाणिकपणे सांगायला हवा. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चांद्यातून वेगळा झाला आणि 1993 मध्ये इथे दारूबंदी झाली. त्यासाठी बाया रस्त्यावर आल्या होत्या. चंद्रपूरच्या बायाही वर्षानुवर्षं लढल्या, तिथे 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. दारूनं ज्यांचे संसार मोडले त्यांना मोहाचा वासही नकोसा झाला, यात नवल नाही. त्या आईनं खिसा उलटा केला तो रागानं नाही, भीतीनं केला. तिच्या घरातली दारू तिनं बघितली होती.

आता खाऊ बाहेरून कसा यायला लागला ते बघू. 1951 पासून मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. गावानं मिळून गाळ काढायची जुनी रीत सुटत गेली, कितीतरी तलाव उथळ झाले आणि शिंगाडेही कमी झाले. 1972 च्या दुष्काळात राज्यात रोजगाराच्या कामांवर सुकडी वाटली गेली. म्हातारी माणसं अजून तिची चव सांगतात. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यातून अंगणवाडी आली. 15 ऑगस्ट 1995 ला शाळेतल्या पोषण आहाराची देशपातळीची योजना आली. आपल्या राज्यात 2015 पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार मिळू लागला आणि पुढे लहान मुलांना अंडी-केळी. या योजनांनी लेकरं जगवली आहेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पण एक गोष्ट घडली. जेवण, खाऊ, पौष्टिक हे सगळं पोत्यातून आणि पाकिटातून येणारी वस्तू झालं. गावात जे पिकतं ते साधं, आणि गाडीतून जे येतं ते चांगलं, असं आपण मानू लागलो. सर्वोच्च न्यायालयानं 7 ऑक्टोबर 2004 ला सांगितलं होतं की अंगणवाडीचा आहार ठेकेदारांकडून घेऊ नये, गावातल्या लोकांकडून, बचत गटांकडून, महिला मंडळांकडून घ्यावा. म्हणजे न्यायालयालाही कळलं होतं की लेकराच्या जिभेची ओळख गावच्या बाईलाच असते. तरी पाकीट राहिलंच. आणि सरकारी पाकिटाच्या मागोमाग दुकानातला रंगीत पुडा आला. तो खारट, तो गोड, तो कुरकुरीत, त्याला सोलायचं नाही, वेचायचं नाही. पाच वर्षांच्या लेकराला त्याच्यापुढे आपला मऊ भात कसा आवडावा?

म्हणून आम्ही म्हणतो, लेकरू नखरेल नाही. मोह, टेंभरं, शिंगाडे त्याच्या ताटाच्या आसपास होते, ते आपण एकेक करून काढून घेतले. काही गरिबीच्या लाजेनं, काही कायद्याच्या धाकानं, काही दारूच्या भीतीनं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019-21 मध्ये झाली. तिच्यात महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस बालकं वयाच्या मानानं बुटकी निघाली आणि सहा महिने ते पाच वर्षांतल्या शंभरातल्या जवळपास एकोणसत्तर बालकांत रक्त कमी आढळलं. ही सगळ्या राज्याची गोष्ट आहे, एकट्या जंगलाची नाही. पण आपल्याकडे जंगल आहे, मग आपण तरी का मागे राहावं?

कायदाही आता बदलला आहे. 1996 च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला बळ दिलं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावर गावाचा हक्क मान्य केला. 2009 मध्ये आपल्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्यांपैकी तो एक. आणि 2021 मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं यावरची बंधनं उठवली. म्हणजे कायद्यानं लादलेली लाज कायद्यानंच काढली. उरलेली आपल्या मनातली आहे, ती आपणच काढायची.

आमच्या गटानं काय केलं ते सांगतो. जमिनीवर पडून माती लागू नये म्हणून झाडाखाली जुनी लुगडी अंथरली. फुलं पहाटे वेचली आणि स्वच्छ जागी कडक वाळवली. आंबूस वास आलेली, बुरशी धरलेली फुलं बाजूला काढली, ती लेकराला द्यायची नाहीत. वाळलेल्या फुलातले केसर चोळून, पाखडून काढायचे. फुलं पटकन धुऊन पुन्हा वाळवायची. मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायची, करपू द्यायची नाहीत, करपली की कडू लागतात. भाजली की दारूची आठवण देणारा वास जातो आणि मनुकांसारखा वास येतो. मग दोन वाट्या मोहाला एक वाटी भाजलेले तीळ, एक वाटी भाजलेले शेंगदाणे आणि अर्धी वाटी भाजलेलं तांदळाचं किंवा कोसरीचं पीठ घेऊन सगळं बारीक कुटायचं आणि गरम असतानाच वळायचं. वाळल्या मोहात निम्म्याहून जास्त साखरच असते, म्हणून वेगळा गूळ फारसा लागत नाही. लाडू लिंबाएवढा नको, सुपारीएवढा करा. गोड आहे म्हणून दिवसाला एक-दोन पुरे, आणि वर चूळ भरायला लावा.

ज्याला गोड नको त्याला मुरमुरे, भाजलेले चणे आणि वाळल्या शेवग्याच्या पानांचा चुरा थोड्या तेलात परतून द्या, कुरकुरीत लागतं. अगदी लहान बाळाला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. आणि बळजबरी करू नका. नवी चव लेकराला आठ-दहा वेळा भेटावी लागते, मग ती त्याची होते. ताटात एक घास ठेवा, तुम्ही स्वतः त्याच्यासमोर खा, शक्य असेल तर वळायला त्यालाच बसवा. ज्याचं वजन वाढत नाही त्याला मात्र लाडवावर ठेवू नका, अंगणवाडीत वजन करा आणि दवाखान्यात न्या.

पुढच्या बैठकीला आम्ही डबा नेला, नाव न सांगता फिरवला. ती खिसा उलटा करणारी बाई दोन लाडू खाऊन म्हणाली, "खजुराचे हायत का?" आम्ही खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग पदराच्या गाठीत दोन लाडू बांधले आणि म्हणाली, "एक पोराले, एक म्हातारीले."

हा हिशोब आमच्या वहीत कुठे लिहायचा ते कळलं नाही, म्हणून तुम्हाला सांगितला. येत्या चैत्रात पहाटे झाडाखाली जाल तेव्हा लेकराला सोबत न्या. जोहार.