बुडालेला इसार

जून उजाडला की सांगलीच्या विश्रामबागेत पोरं खोल्या शोधत हिंडतात. विलिंग्डन महाविद्यालय 1919 पासूनचं, अभियांत्रिकी 1947 पासूनचं. भाड्याच्या खोल्यांचा व्यवहारही तिथं मुरलेला. भाडेकरारावर सह्या होतात, खोलीला चुन्याचा हात फिरतो, दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं जातं. आणि किल्ली न्यायच्या आदल्या दिवशी फोन येतो: ‘काका, आम्हाला कॉलेजजवळच मिळाली. डिपॉझिट तेवढं परत करा ना.’

जुना माणूस सरळ सांगेल, इसार बुडाला.

इसाराचं आणखी जुनं नाव सचकार, संस्कृतातला ‘सत्यंकार’. याज्ञवल्क्यस्मृतीत तो आहे. कल्याणीच्या चालुक्य दरबारातल्या विज्ञानेश्वराने, साधारण 1100 च्या सुमारास, मिताक्षरेत त्याचा अर्थ उलगडताना उदाहरण घेतलं ते अंगठीचं. सौदा पक्का म्हणून अंगठी समोरच्याच्या हाती द्यायची. देणाराच फिरला तर अंगठी गेली. घेणारा फिरला तर त्याने दुप्पट द्यायचं. मालकालाही चाप होता, हे आजचे घरमालक सोयीने विसरतात. ओझ्याच्या हमालासाठी तर याज्ञवल्क्याने मोजमापच दिलंय: निघतानाच अंग काढलं तर मजुरीचा सातवा हिस्सा दंड, वाटेत सोडलं तर चौथा, अर्ध्या वाटेवर टाकलं तर सगळी.

मग पाळी इंग्रजी कायद्याची. शेजारचं सातारा 1848 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केलं, त्यामुळे 1872 चा करार कायदा तिथं आला. सांगली मात्र 1948 पर्यंत पटवर्धनांचं संस्थान. ब्रिटिश मुलखातला कायदा तिथं आपोआप लागत नसे. पुढे 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 मध्ये त्याचंच नाव सांगली पडलं, आणि दोन्हीकडे करार कायद्याचं एकच कलम 74 उरलं. दंडाचा आकडा करारात कितीही फुगवा, न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं. घरविक्रीच्या फतेहचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली हजार रुपयांचा इसार जप्त होऊ दिला, वरचे 24,000 नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा (1999, अंमल 31 मार्च 2000 पासून) भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा म्हणतो. नोंदणी मालकाने करायची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. फोनवरचा पोरगा हे वाचून आला असेल, तर काकांची पंचाईत.

म्हणून शहाणा मालक कॅलेंडर काढतो, खोली रिकामी राहिलेले दिवस मोजतो, तेवढं भाडं कापून बाकीचे पैसे परत करतो. फाटकावर पाटी पुन्हा चढते.