चंद्राचा खर्च आणि खेचरांच्या गाड्या

15 जुलै 1969. अपोलो 11 च्या उड्डाणाला एक दिवस उरला होता. फ्लोरिडातल्या केप केनेडीजवळ गोरगरीब कृष्णवर्णीय खेचरांच्या गाड्या घेऊन धडकले. पुढे होते मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनॅथी. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना मैदानातच भेटले. देशातल्या दर पाचांपैकी एकाला पुरेसे अन्न, वस्त्र, निवारा नाही, हे अ‍ॅबरनॅथींनी त्यांना सुनावले.

हे लोक विज्ञानविरोधी होते का? नाही. अंतराळवीरांसाठी आम्ही प्रार्थना करू, असेही ते म्हणाले. नासाची बुद्धी भुकेच्या प्रश्नालाही लागावी, ही त्यांची मागणी होती. बटण न दाबल्याने गरिबी हटणार असती तर आम्ही ते दाबले नसते, असे पेन यांचे उत्तर होते.

पुढे 1970 मध्ये अपोलोच्या तीन मोहिमा रद्द झाल्या. त्यातली अपोलो 20 रद्द झाली, कारण तिचे रॉकेट स्कायलॅब या अंतराळस्थानकाला हवे होते. भुकेल्यांच्या ताटात त्यातून काही पडले नाही. म्हणून 'मोहीम बंद करा' ही घोषणा अपुरी आहे. वाचलेले कुठे जाते, हे विचारावे लागते.

1972 मध्ये पहिला लँडसॅट उपग्रह उडाला. त्याने चंद्राकडे नव्हे, पृथ्वीवरची पिके, पाणी, जंगल यांच्याकडे पाहिले. चंद्रावर झेंडा लावण्याचा गाजावाजा त्याच्या वाट्याला आला नाही. पण काम त्याचेच शेतापर्यंत पोहोचणारे होते.

भारतात 1975-76 मध्ये नासाच्याच उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत शिक्षण, शेती, आरोग्याचे दूरदर्शन कार्यक्रम पोहोचले. इथे आमचा प्रश्न सुरू होतो: संच गावात आला, पण ठेवला कुठे? ज्या जागी आपल्या वस्तीला पाय ठेवायची भीती, तिथे ठेवलेला संच आपला कसा?

बाबासाहेब विज्ञानाच्या बाजूचे होते. मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी आकार दिला. म्हणून आम्ही रॉकेटला विरोध करत नाही, हिशेब मागतो. प्रत्येक मोहिमेला तीन प्रश्न विचारा: ज्ञान कोणाचे वाढणार, लाभ कोणाच्या दारात पोहोचणार, आणि ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी आपला माणूस आहे का? अ‍ॅबरनॅथींना उड्डाणाच्या आदल्या दिवशी मैदानात उभे राहावे लागले, कारण त्यांना त्या टेबलाशी जागा नव्हती. आपल्याला तिथे बसायचे आहे.

जय भीम!