इंजिन बंद, तरी दाब कायम!

मोटारीचे इंजिन बंद केले, चावी खिशात टाकली, की सारे काही शांत झाले असा अनेकांचा समज असतो. इंधनाच्या नळीबाबत तो खरा नाही. एमपीएफआय पेट्रोल मोटारीत इंजिन थांबल्यावरही नळीतील पेट्रोल बराच काळ दाबाखाली राहते. फिल्टर बदलताना हे ध्यानात न घेता नळी सोडविली, तर पेट्रोलची चिळकांडी डोळ्यांत किंवा तापलेल्या एक्झॉस्टवर उडू शकते. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. शिवाय ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते.

दाब किती आणि कशासाठी?

कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारींत इंधनाचा दाब जेमतेम ०.२ ते ०.३ बार असे. एमपीएफआय मोटारीत टाकीतील विजेवर चालणारा पंप साधारण ३ ते ४ बार दाब निर्माण करतो. टायरमधील हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले की या आकड्याचे गांभीर्य कळते. तापलेल्या इंजिनामुळे नळीत पेट्रोलची वाफ होऊ नये आणि मोटार पुन्हा चटकन सुरू व्हावी, यासाठी हा दाब मुद्दाम टिकविलेला असतो.

दाब कसा उतरवावा?

* मोटार मोकळ्या हवेत उभी करून इंजिन थंड होऊ द्यावे. जवळपास ज्योत वा ठिणगी नको. कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी असावे. पेट्रोल पाण्यावर तरंगते, त्यामुळे पाण्याच्या बादलीचा उपयोग नाही.
* इंधन पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू करावे. नळीतील पेट्रोल संपत आले की ते आपोआप बंद पडते. त्यानंतर आणखी काही सेकंद स्टार्टर फिरवावा.
* चावी बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी.
* चष्मा व हातमोजे घालून, जोडावर जाड फडके गुंडाळून तो सावकाश सैल करावा. थोडे पेट्रोल तरीही गळतेच.

सीएनजी बसविलेल्या मोटारीत इंजिन पेट्रोलवरच चालू आहे याची खात्री करावी. ते गॅसवर चालत राहिले, तर पेट्रोलचा दाब उतरणारच नाही.

तपासणी काय सांगते?

दाब उतरविल्यावरच गेज जोडावा. नंतर फ्यूज व बॅटरी पूर्ववत करून चावी फिरवावी आणि आकडा मोटारीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावा. दाब कमी भरला, तर दोष पंपाचाच असेल असे नाही. तुंबलेला फिल्टर, बिघडलेला रेग्युलेटर किंवा पंपापर्यंत पुरेशी वीज न पोहोचणे हीही कारणे असू शकतात. ही तपासणी न करता पंप बदलला, तर खर्च वाया जातो आणि दोष तसाच राहतो. इंजिन बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरत असेल, तर इंजेक्टर गळत असण्याची किंवा पंपातील झडप नीट बसत नसण्याची शक्यता असते. गेज काढण्यापूर्वी दाब पुन्हा उतरवावा. काम संपल्यावर चावी दोन-तीनदा फिरवून गळती नाही ना, हे पाहूनच इंजिन सुरू करावे.

येथे हात घालू नये

वरील पद्धत साध्या एमपीएफआय मोटारींपुरतीच आहे. कॉमन रेल डिझेल इंजिनात दाब हजार बारच्या पुढे जातो. तेथील बारीक फवारा कातडी भेदून शरीरात शिरतो. वरकरणी जखम किरकोळ दिसली, तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांतही दाब शंभर बारहून अधिक असतो, तर भरलेल्या सीएनजी टाकीत तो सुमारे २०० बार असतो. ही कामे प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावीत.