नसरीन मोहमदी यांची रेखाटने : कालक्रमाचा प्रश्न

आधुनिक भारतीय कलेत पेन्सिल, शाई आणि कागद एवढ्याच साधनांवर आपली प्रौढ कारकीर्द उभारणारे कलावंत थोडे. त्यांत नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांचे स्थान अग्रगण्य आहे. तथापि त्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे आरंभीच एक अडचण उभी राहते. आपल्या चित्रांना त्यांनी बहुधा नावे दिली नाहीत व त्यांवर तारखाही क्वचितच घातल्या. कालक्रमावाचून विकास सांगता येत नाही. तेव्हा तो कोणत्या आधारे लावावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

चरित्रातील मुख्य टप्पे निश्चित आहेत. जन्म कराचीचा, बालपण मुंबईचे. १९५४ ते १९५७ या काळात लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिक्षण झाले. १९६१ मध्ये मुंबईच्या गॅलरी ५९ येथे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्यानंतर त्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेल्या. मुंबईच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन केले.

या टप्प्यांच्या आधारे चित्रांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. आरंभी शाईच्या ओघळांतून व पुसट छटांतून झाडाझुडपांचे आभास उमटतात. १९७० च्या सुमारास ते मावळून आडव्या-उभ्या रेषांची जाळी येते. शेवटी जाळीही सुटते व कोऱ्या कागदावर मोजक्या तिरप्या रेषा, त्रिकोण आणि वर्तुळखंड राहतात.

जेथे तारीख नसते तेथे साम्य पुढे सरसावते. नसरीन यांची तुलना नेहमी अमेरिकन चित्रकर्त्री ॲग्नेस मार्टिन यांच्याशी होते. मार्टिन सहा फूट चौरस कॅनव्हासावर पेन्सिलीच्या रेषा ओढीत. नसरीन यांचा कागद मात्र ड्रॉइंगच्या टेबलावर मावेल एवढाच असे. तुलना उद्बोधक असली, तरी साम्य हा कालनिर्णयाचा पुरावा नव्हे. तो नसरीन यांच्याच सामग्रीत शोधला पाहिजे. त्यांनी वर्षानुवर्षे रोजनिशी लिहिली. तिची काही पाने शाईच्या पट्ट्यांनी झाकून त्यांचीच चित्रे केली. समुद्रकिनारा, फरसबंदी, वास्तू यांची त्यांनी काढलेली छायाचित्रे त्यांच्या हयातीत प्रदर्शित झाली नाहीत. परंतु त्यांतील रेषा आणि कागदावरील रेषा यांचे नाते उघड आहे.

हा प्रश्न केवळ सूचिकाराचा नाही. अखेरच्या वर्षांत एका मज्जाविकारामुळे त्यांना शरीराच्या हालचाली आवरणे कठीण होत गेले. उत्तरकालीन चित्रांची विरलता हा आजाराचा परिणाम मानावा की दीर्घ साधनेची परिणती? कोणते चित्र आजारापूर्वीचे व कोणते नंतरचे, हे ठरल्याशिवाय उत्तर देणे धाडसाचे होईल. इतके मात्र चित्रेच सांगतात, की या रेषांत कंप नाही. पट्टी, कंपास आणि ड्रॉइंगचे पेन यांच्या साहाय्याने त्या हाताने अखेरपर्यंत शिस्त राखली.

१९९० मध्ये अलिबागजवळील किहीम येथे त्यांचे निधन झाले. पुढे २००७ मध्ये कासेलच्या डॉक्युमेंटात, २०१३ मध्ये दिल्लीत, २०१५ मध्ये माद्रिदमध्ये आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांची चित्रे मांडली गेली. कीर्ती दूरवर पोहोचली. आता रोजनिशी, छायाचित्रे व रेखाटने एकत्र ठेवून वर्षावार क्रम लावण्याचे काम अभ्यासकांनी हाती घेणे अगत्याचे आहे.