मुख्यसेविका : अंगणवाडीमागचा जागता पहारा

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस हा या योजनेचा परिचित चेहरा. मात्र त्यांच्या कामाची तपासणी आणि मार्गदर्शन मुख्यसेविकेकडे असते. साधारणतः २५ अंगणवाड्या तिच्या बीटमध्ये येतात.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित गणले जाते. त्याची भूक शाबूत असेल आणि अन्य आजार नसेल, तर गावातील ग्राम बालविकास केंद्रात उपचारात्मक आहार देता येतो. अंगावर सूज असेल किंवा मूल खातच नसेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करणे अटळ ठरते.

खरी कसोटी येथेच लागते. आई रुग्णालयात राहिली तर थोरल्या मुलांकडे कोण पाहणार, मजुरीचे काय, असे प्रश्न घरातून येतात. अशा वेळी मुख्यसेविका गृहभेट देऊन सासू-सासऱ्यांची समजूत काढते, बुडीत मजुरी मिळण्याची तरतूद सांगते. मराठवाड्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. तेव्हा त्या बालकाची नोंद कारखाना परिसरातील अंगणवाडीपर्यंत पोहोचणे निकडीचे असते. ती न पोहोचल्यास उपचार अर्ध्यावर तुटतात आणि हंगाम संपवून परतलेले मूल पुन्हा लाल रेषेखाली गेलेले आढळते.