शब्द कोणाचा, हे सांगणारी खूण

दुसऱ्याचा शब्द उद्धृत करताना तो कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे दाखविणे, हा लेखनातील सचोटीचा भाग आहे. आज हे काम वळणदार अवतरणचिन्हांची जोडी करते. ह्या जोडीच्या पूर्वजाला ख्रिस्ती लेखनिकांनी वाढविले, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा विद्वान आरिस्तार्खस होमरच्या काव्यातील लक्षणीय ओळींपुढे समासात बाणाच्या टोकासारखी खूण करीत असे. तिला ‘डिप्ले’ म्हणत. ख्रिस्ती लेखनिकांनी ती उचलली व तिला नवे काम दिले. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स व्हॅटिकानुस’ ह्या बायबलच्या हस्तलिखितात, नव्या करारात जुन्या करारातील वचन येते तेथे समासात ही खूण आढळते. सेव्हिलचे संत इसिदोर (मृत्यू ६३६) ह्यांनी तर आपल्या ‘एटिमोलॉजिए’ ग्रंथात नोंदविले आहे की, धर्मपंडितांच्या ग्रंथांतील पवित्र शास्त्राचे दाखले वेगळे कळावेत म्हणून आपले लेखनिक डिप्ले वापरतात. देववचन कोणते आणि भाष्यकाराचे मत कोणते, ह्यांची सरमिसळ होऊ नये ही त्यामागील काळजी. प्रवचन देणाऱ्या आम्हां मंडळींना ती आजही परकी नाही.

मुद्रणकला आल्यावर सोळाव्या शतकात समासातील ह्या खुणेची जागा दुहेरी स्वल्पविरामांनी घेतली आणि अठराव्या शतकात ते मजकुराच्या आत येऊन आरंभी एक, शेवटी दुसरे असे स्थिरावले. मराठीत पाश्चात्त्य विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) ह्यांना दिले जाते.

खिळे जुळविणाऱ्याच्या पेटीत उघडणारे व मिटणारे चिन्ह निरनिराळे असे. टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्या. म्हणून दोघांच्या जागी एकच सरळ उभी खूण आली. काटकसर झाली, पण खुणेची दिशा हरपली. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ‘आस्की’ संकेतावलीत अवघ्या १२८ जागा होत्या. तिने सरळ दुहेरी चिन्हाला ३४ व एकेरीला ३९ हा क्रमांक दिला. वळणदार चिन्हांना जागाच उरली नाही. पुढे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने चारही चिन्हांना स्वतंत्र स्थान दिले. कळफलक मात्र जुन्याच वळणाचा राहिला.

लेखनाच्या मोठ्या आज्ञावली सरळ चिन्ह टंकताच त्याला आपोआप वळण देतात. हे वळण अंदाजाने दिलेले असते, म्हणून ’९० सारख्या वर्षापुढील लोपचिन्ह त्या हमखास उलटे करून टाकतात. नोटपॅडसारखा साधा मजकूर-संपादक असली मध्यस्थी करीत नाही. कळ दाबाल तेच उमटते. आमच्या मते हा त्याचा प्रामाणिकपणाच होय. मराठी लेखनिकाची अडचण त्याहून पुढची. इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी अवतरणचिन्हाच्या कळेवर ‘ट’ आणि शिफ्टसह ‘ठ’ बसले आहेत. तेथे सरळ चिन्हदेखील मिळत नाही. अशा वेळी विंडोजवर इंग्रजी कळफलक निवडावा, ऑल्ट कळ दाबून धरावी आणि उजवीकडील अंकफलकावर ०१४७ टंकावे. कळ सोडताच उघडणारे दुहेरी चिन्ह उमटते. ०१४८ ने ते मिटते. एकेरी जोडीसाठी ०१४५ व ०१४६. मॅकवर ऑप्शन आणि डावा चौकटी कंस एकत्र दाबल्यास दुहेरी चिन्ह उघडते, त्यांत शिफ्ट मिळविल्यास मिटते. एकेरीसाठी त्याशेजारचा उजवा कंस.

फाइल जतन करताना ‘यूटीएफ-८’ हा संकेत निवडावा. त्यात प्रत्येक वळणदार चिन्ह तीन बाइटांचे होते, आणि वाचणाऱ्या संगणकाने जुना विंडोज संकेत गृहीत धरला तर एका चिन्हाच्या जागी तीन विचित्र अक्षरांचा पुंजका दिसतो. तेथे मजकूर बिघडलेला नसतो. उघडताना योग्य संकेत निवडला की चिन्हे पूर्ववत दिसतात. २०१९ पासून विंडोज १० मधील नोटपॅड नवी फाइल ह्याच संकेतात जतन करू लागला. त्याआधीच्या यंत्रांवर तो दर वेळी हाताने निवडावा लागतो.